शिशाची चव बिघडली तर आधी काय तपासायचं? देरामधल्या कॅफेची केस



मागच्या व्हिडिओत आपण ग्राहकाची तक्रार कशी वाचायची हे बघितलं. त्यात शिशा कॅफेचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं आणि आखातात काम करणाऱ्या आपल्या मुलांनी लगेच पकडलं, 'दादा, हे नीट सांगा'. कॅमेऱ्यासमोर चिलीम भरून दाखवायची माझी इच्छा नाही, म्हणून हा विषय इथे लिहून देतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करू. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून कायद्याने बंदी आहे. हे वाचून कुणी पुण्यात-ठाण्यात 'हर्बल'ची पाटी लावायचा विचार करत असेल तर त्याने मला फोन करू नये. हा लेख दुबईसारख्या ठिकाणी, परवाना असलेल्या कॅफेत पगारावर काम करणाऱ्यांसाठी आहे. आणि शिशा पाण्यातून येतो म्हणून धुतला जातो, हा समज डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय की तासभराच्या एका बैठकीत माणूस एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत घेतो. बीबीए झाल्यावर मी दीड वर्ष तिकडे एका कॅफेच्या काउंटरवर होतो, तेव्हा ओढायचो, आता नाही. पण काम कसं चालतं ते माहितीये.

आता केस.

फोन आला तो देरामधून. मुलगा रत्नागिरीकडचा, शिशा सेक्शनचा सुपरवायझर. म्हणाला, "दादा, रोज सात-आठ शिशा परत येतायत. शुक्रवार-शनिवारी रात्री तर विचारूच नका. सगळे एकच बोलतात, टेस्ट खराब आहे. सेठने तंबाखूचा ब्रँड बदलला, महागातला आणला, तरी तेच. आता म्हणतोय की परत आलेला प्रत्येक शिशा तुझ्या पगारातून कापणार."

मी विचारलं, "खराब म्हणजे कशी?"

"खराब म्हणजे खराब, दादा."

तर मित्रांनो, घोळ इथेच आहे. 'खराब' ही तक्रार नाहीये, ते तक्रारीचं पोतं आहे. त्यात चार वेगवेगळ्या वस्तू भरलेल्या असतात. एक, जळकट-कडू चव, घसा खवखवतो. दोन, मागवलं द्राक्ष आणि चव येतेय बडीशेपेची, किंवा कुबट वास. तीन, औषधासारखी, फटाक्याच्या दारूसारखी चव आणि डोकं जड. चार, चवच नाही, धूर पातळ. या चारांची कारणं वेगळी, इलाज वेगळे. सेठने काय केलं? चारही एका पोत्यात घालून त्यावर महागडा तंबाखू ओतला. दात दुखतोय की कान हे न विचारता औषध दिल्यासारखं झालं.

म्हणून पहिलं काम, वेटरला शिकवा की ग्राहकाने 'टेस्ट खराब' म्हटलं की लगेच शिशा उचलायचा नाही. नम्रपणे दोनच प्रश्न विचारायचे. "सर, जळल्यासारखी लागतेय की दुसऱ्या फ्लेवरची?" आणि "पहिल्या झुरक्यापासून की नंतर?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्याच झुरक्याला चव वाईट असेल तर दोष बहुतेक वेळा सामानात किंवा कोळशात असतो: मळका पाइप, मुरलेली चिलीम, अर्धवट पेटलेला निखारा. सुरुवात छान आणि दहा-पंधरा मिनिटांनी बिघडली, तर दोष उष्णतेत किंवा भरण्यात. आणि पाऊण तासाने बिघडली तर बहुधा दोष कुणाचाच नाही, चिलीम संपलेली आहे. ते ग्राहकाला हसून सांगायचं आणि नवीन चिलीम लागेल का विचारायचं. ती तक्रार नसते, ती पुढची ऑर्डर असते.

आतमध्ये नेमकं काय होतं

शिशाचा तंबाखू, ज्याला अरबीत मुअस्सल म्हणतात, तो विडीसारखा पेटवायचा नसतो. तो गुळाच्या पाकात किंवा मधात, ग्लिसरीनमध्ये आणि फ्लेवरमध्ये भिजलेला असतो. वर फॉइल, फॉइलवर निखारे. निखाऱ्याची गरम हवा भोकांतून खाली येते, तंबाखू तापतो, ग्लिसरीन आणि फ्लेवर वाफेसारखे सुटतात, दांड्यातून पाण्यात आणि पाण्यातून पाइपमध्ये. म्हणजे आपल्याला शिजवायचंय, जाळायचं नाही. आपल्या घरात गुळाचा पाक करताना आच एक मिनिट जास्त झाली की कसा कडू होतो? तेच. ग्लिसरीन फार तापलं की त्यातून घशाला झोंबणारा वायू सुटतो. ग्राहक खोकला म्हणजे तंबाखू 'स्ट्राँग' आहे असं नाही, तुम्ही तो जाळलाय.

जाळण्याचे तीन मार्ग मी रोज बघायचो. पहिला, चिलीम कंठापर्यंत दाबून भरणं. नवीन मुलाला वाटतं जास्त माल दिला की ग्राहक खूश. उलट तंबाखू फॉइलला चिकटतो आणि जिथे चिकटला तिथे आधी जळतो. तंबाखू बोटांनी मोकळा करून, देठ काढून, हलका टाकायचा. पोह्यांवर खोबरं भुरभुरतो तसा. वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली जागा ठेवायची. दुसरा, ढिली फॉइल. निखाऱ्याच्या वजनाने ती खाली बसते आणि पुन्हा तेच. फॉइल तबल्याच्या चामड्यासारखी ताणलेली पाहिजे, घरगुती पातळ असेल तर दुहेरी. तिसरा, निखारे मधोमध ठेवून विसरून जाणं. निखारे कडेला ठेवायचे, दहा-एक मिनिटांनी फिरवायचे, राख झटकायची, आणि जळकट तक्रार आली तर सगळ्यात आधी एक निखारा उचलायचा. ग्राहकाला म्हणायचं की सर, पाइपमधून हलकीशी फुंकर मारा. आतला साचलेला धूर व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. दोन मिनिटं थांबायचं. खूपदा शिशा परत न नेता टेबलावरच प्रश्न सुटतो. पण तंबाखू काळा पडला असेल तर वाचवायच्या भानगडीत पडू नका, चिलीम बदला. करपलेल्या भातात तूप घालून तो सुधारत नाही.

इथे एक गमतीची साखळी आहे, ती भल्याभल्यांना कळत नाही. रबराचा वॉशर झिजलाय, चिलीम आणि दांड्याच्या जोडातून हवा शिरतेय. ग्राहकाला धूर कमी येतो. तो म्हणतो, कोळसा वाढव. मुलगा चौथा निखारा ठेवतो, ग्राहक जोर लावून ओढतो, तंबाखू जळतो. आता तक्रार काय येते? जळकट. आणि मूळ दोष काय होता? दोन दिरहमचा वॉशर. म्हणून कोळसा वाढवण्याआधी गळती बघा. चिलीम काढायची, दांड्याच्या वरच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि पाइप ओढायचा. हवा आली तर कुठूनतरी गळतंय. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि दुकान उघडताना प्रत्येक शिशावर झालंच पाहिजे.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण लोक त्याचा उगाच बाऊ करतात. दांडा पाण्यात साधारण एक इंच बुडला पाहिजे. जास्त भरलं तर ओढायला जड जातं आणि पाणी पाइपात चढतं. कमी भरलं तर धूर कोरडा लागतो. प्रत्येक ग्राहकाला नवं पाणी. पाण्यात दूध, सरबत, फळं घालण्याचा प्रकार करूच नका, बाटली धुताना हाल होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्राहकाला आंबूस वास येतो.

डबल ॲपलचं भूत

दुसऱ्या प्रकारची तक्रार, म्हणजे भलत्याच फ्लेवरची चव. आखातात आणि इजिप्तमध्ये डबल ॲपल फार चालतो, अरबीत तुफ्फाहतेन. नावात सफरचंद असलं तरी चव बडीशेपेच्या जातीची, आणि वास एवढा चिवट की मातीची बिनचकाकीची चिलीम तो पिऊन टाकते, पाइप तर विचारूच नका. मग त्याच पाइपातून पुदिना दिला की पहिल्या झुरक्याला बडीशेप. धुवून जात नाही असं नाही, पण रात्रीच्या गर्दीत तेवढं धुणं होत नाही, हे खरं आहे. उपाय धुण्याचा नसून वेगळं ठेवण्याचा आहे. डबल ॲपलचे पाइप आणि चिलमी वेगळ्या, त्यांना लाल टेप. आपल्याकडे व्हेज-नॉनव्हेजच्या सुऱ्या वेगळ्या ठेवतात ना, तसं. पुदिनाही थोडा असाच आहे, जमलं तर त्याचाही संच वेगळा करा.

जुने चामड्याचे, आत तारेची गुंडाळी असलेले पाइप पाण्याने धुता येत नाहीत. तार गंजते आणि मग लोखंडी चव येते. ते दिसायला राजेशाही असतात, पण रोजच्या धंद्याला सिलिकॉनचा पाइप बरा. धुवा, उभा टांगून वाळवा, झालं. दांड्याला आतून लांब ब्रश, कोमट पाणी, खायचा सोडा आणि लिंबू. भोकं तळाला असलेल्या जुन्या पद्धतीच्या चिलमीतून पाक दांड्यात झिरपतो आणि आतल्या भिंतीला काळा थर धरतो, म्हणून तिथे ब्रश रोज. मधल्या उंच नळीला भोक असलेली चिलीम असेल तर हा त्रास कमी. नवीन दांडासुद्धा न धुता वापरू नका, कारखान्यातलं तेल असतं त्यात.

एक बारीक गोष्ट सांगतो. मोठा डबा उघडल्यावर पाक तळाला बसतो. वरचा तंबाखू कोरडा, खालचा लगदा. कोरडा लवकर जळतो, लगदा पाणचट लागतो आणि गळतो. रोज सकाळी डबा खालून वर हलवायचा, झाकण घट्ट लावायचं. एसीच्या झोताखाली डबा उघडा ठेवला तर ब्रँड कितीही महाग असो, तो वाळणारच.

वहीने काय सांगितलं

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं, पण सांगून प्रश्न सुटत नाही. पंधरा कारणं माहीत असणं आणि आपल्या दुकानात कोणतं आहे हे माहीत असणं यात फरक आहे. मी त्याला दहा दिवस वही लिहायला लावली. शंभर पानी, साधी. परत आलेल्या प्रत्येक शिशासाठी एक ओळ: वेळ, टेबल, फ्लेवर, चिलीम कोणी भरली, चव कशी, कितव्या मिनिटाला. आणि एक नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पाइप बदला, ते सगळ्यात सोपं. ग्राहकाला विचारा. नाही सुटलं तर निखारे. मग चिलीम. सगळं एकदम बदललं तर ग्राहक खूश होईल, पण तुम्हाला कळणार काहीच नाही आणि उद्या पुन्हा तेच.

दहा दिवसांनी त्याने वहीचे फोटो पाठवले. बडीशेपेवाल्या तक्रारी होत्याच, त्या लाल टेप लावल्यापासून बंद झाल्या. पण सगळ्यात मोठा ढीग होता रात्री दहा ते बाराचा. फ्लेवर कोणताही, भरणारा कोणीही, तक्रार पहिल्या पाच मिनिटांत: कोळशाची चव येते, डोकं जड होतं. दुपारी एकही नाही. तोच माल, तीच माणसं, तेच सामान. मग रात्री दहाला काय बदलतं?

मी विचारलं, शेगडी किती मोठी? कॉइलची एक, एका वेळी १२ तुकडे बसतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा, चौकोनी. तो सगळ्या बाजूंनी लाल होऊन वर राखाडी पापुद्रा यायला आठ ते दहा मिनिटं लागतात. आता गणित करा. रात्री २० टेबलं चालू. प्रत्येकाला दर ४० मिनिटांनी ३ नवे निखारे, म्हणजे ४० मिनिटांत ६०, दहा मिनिटांत १५. आणि शेगडी दहा मिनिटांत देते १२. अजून नवीन ऑर्डर धरलेलीच नाही! दहा मिनिटांत चार नवीन शिशा आले तर आणखी १२. गरज २७, मिळतात १२.

मग पोरं काय करणार? ग्राहक "फहम, फहम" म्हणून कोळसा मागतोय, सेठ डोळे वटारतोय. पाचव्या मिनिटाला, बाहेरून लाल आणि आतून काळा निखारा उचलून चिलमीवर. आणि अगदीच अडलं की काडीने पेटणारा झटपट कोळसा, ज्याच्यात पेट घ्यायला रसायन असतं. तो ठिणग्या उडवायचा थांबून पूर्ण राखाडी झाला तरच वापरायचा, पण गर्दीत थांबतो कोण? फटाक्याच्या दारूची चव तिथून येत होती.

म्हणजे तंबाखू चांगला होता. मुलंही वाईट नव्हती. शेगडी छोटी होती.

हे सेठला कसं सांगायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, भांडू नकोस, पगाराचा विषयही काढू नकोस. वही आणि २७-१२ चं गणित समोर ठेव. आणि एवढंच विचार की समजा एका शिशाचे ५० दिरहम धरले आणि रात्री सात परत आले, तर ३५० दिरहमचा माल पुन्हा बनवला, शिवाय त्या टेबलांची वीस-वीस मिनिटं गेली, ती वेगळी. सेठ व्यापारी माणूस आहे, त्याला आकडा कळतो. तुझी बाजू कळेलच असं नाही.

त्याने दोन शेगड्या आणल्या. एकूण ३६ तुकडे. आणि ठरवलं की साडेनऊलाच पहिली फेरी पेटवून ठेवायची, एक माणूस फक्त निखाऱ्यावर, तो चिलीम भरणार नाही.

डोकेदुखीचं हलक्यात घेऊ नका

एक भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो चवीच्या पलीकडचा आहे. 'डोकं जड होतंय' ही चवीची तक्रार समजून पाइप बदलत बसू नका. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. पाण्यातून गेल्याने तो कमी होत नाही. ग्राहकाला डोकेदुखी, मळमळ, गरगर असं काही झालं तर शिशा लगेच बंद, निखारे बाजूला, माणूस बाहेर मोकळ्या हवेत. शुद्ध हरपत असेल, उलटी थांबत नसेल, छातीत दुखत असेल तर सेठला विचारायची वाट न बघता ९९८ ला फोन, यूएईत ॲम्ब्युलन्सचा नंबर तोच. लिंबू-सरबत देऊन बसवून ठेवणं हा इलाज नाही.

आणि ग्राहक तासाभराने घरी जातो, निखाऱ्यावरचा मुलगा नऊ-दहा तास तिथेच असतो. मी फोनवर सहज विचारलं, शेगडी कुठे आहे? तर म्हणाला, मागच्या पँट्रीत, दार बंद, कारण धूर हॉलमध्ये येतो म्हणून सेठ ओरडतो. "आणि दादा, आमच्यातल्या एकाचं रोज रात्री डोकं दुखतं, तो झोप होत नाही म्हणतो."

तीन शेगड्या बंद खोलीत म्हणजे आधीच्या तिप्पट त्रास. चव सुधारली आणि पोरगा आजारी पडला, असं झालं असतं, आणि सल्ला माझा होता. मी त्याला सांगितलं की एक्झॉस्ट लागल्याशिवाय दुसरी शेगडी पेटवायची नाही, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायचा आणि निखाऱ्यावरचा माणूस दर दोन तासांनी बदलायचा. राख आणि उरलेले निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत कधीच नाही. मुंबईत डिसेंबर २०१७ ची कमला मिलची आग आठवत असेल, १४ माणसं गेली. तेव्हा चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याचा मुद्दा आला होता.

एक्झॉस्टला सेठ आधी नाही म्हणाला. मुलाने पुन्हा वही काढली. या वेळी त्यात स्टाफची पानं होती: कोण कधी निखाऱ्यावर होता, कोणाचं डोकं कधी दुखलं. दोन आठवडे लागले, पण पंखा लागला. मग शेगड्या पेटल्या.

परवा त्याचा मेसेज आला. शनिवारी रात्री दोन शिशा परत आले. एकाची फॉइल ढिली होती. दुसरा ग्राहक आधी तिखट कबाब आणि कडक कॉफी घेऊन बसला होता, त्याला कशाचीच चव लागत नव्हती. त्याला पाणी आणि खजूर दिला, अर्ध्या तासाने तोच शिशा त्याने संपवला. या महिन्याचा पगार पूर्ण आलाय. मागच्या महिन्याचे कापलेले पैसे अजून परत मिळालेले नाहीत, त्याबद्दल तो सेठशी बोलणार आहे. वही बरोबर ने, एवढंच मी त्याला लिहिलं.